मोकळी जागा कुणाची?

वसईच्या किल्ल्यात शिरताना संरक्षित स्मारकाची पाटी दिसते. तुंगारेश्वराच्या फाटकाशी वनविभागाची पाटी आहे, महापालिकेच्या बागेत आणखी तिसरीच. मुलं पाट्या वाचत नाहीत. मोठी माणसंही वाचत नाहीत, ती पाटीला टेकून फोटो काढतात. या पुस्तकाची सुरुवात मात्र पाट्यांपासूनच करावी लागते. रविवारी डबा बांधून आपण जिथे जातो, त्या प्रत्येक जागेची राखण वेगळ्या माणसांकडे आहे आणि प्रत्येक जागा वेगळ्या कारणासाठी राखलेली आहे. किल्ल्याचा दगड हलवायचा नसतो, जंगलातलं पिल्लू उचलायचं नसतं, आणि बागेतल्या झोपाळ्यावर मात्र बसायचंच असतं, त्यासाठीच तो टांगलेला असतो. कुठल्याही मोकळ्या जागेत पाय ठेवताना आधी विचारायचं, ही जागा कुणाची आणि कुणासाठी? पुढची सगळी प्रकरणं या एका प्रश्नाभोवती फिरतात.

वसई-विरारमध्ये हा प्रश्न विचारायला भरपूर जागा आहेत, हे इथे राहणाऱ्यांनाही पटत नाही. पूर्वेला सहाशे मीटरच्या वर चढलेले तुंगारेश्वर आणि कामणदुर्गाचे डोंगर, पश्चिमेला अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगावचे किनारे, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा. मधे मिठागरं, वाड्या, तलाव, सोपाऱ्याचा स्तूप, जीवदानीचा डोंगर. डोंगरमाथ्यापासून भरतीच्या रेषेपर्यंत हे सगळं वीस-पंचवीस किलोमीटरांत मावतं. इतक्या थोड्या जागेत अभयारण्यही आहे, तिवरांचं रान आहे, समुद्र आहे आणि किल्लाही आहे. तरी सुट्टीच्या दिवशी इथलं पोर कंटाळून मोबाइल घेऊन बसतं.

हे पुस्तक विरारच्या उंच इमारतीत राहणाऱ्या मुलांसाठी आहे, नालासोपाऱ्याच्या चाळीतल्या मुलांसाठी आहे आणि वाडीत राहणाऱ्या मुलांसाठीही. पारोळ-भाताण्याकडच्या पाड्यांवरची मुलंही ते वाचतील. जंगल कसं ओळखायचं हे त्यांना शिकवण्याचा आव इथे आणलेला नाही. त्यांनी चुका काढल्या तर पुढची आवृत्ती सुधारेल.

आता थोडं लांबचं. अमेरिकेत १८६४ साली, यादवी युद्ध चालू असताना, अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी एका कायद्यावर सही केली. त्या कायद्याने योसेमिटी नावाची दरी कॅलिफोर्निया राज्याकडे सोपवली. अट अशी, की ही दरी विकायची नाही, लोकांच्या विरंगुळ्यासाठी ती कायम खुली ठेवायची. राज्याने लोकांसाठी राखलेल्या जागेची, तिकडची मुलं जिला ‘स्टेट पार्क’ म्हणतात तिची, ही सुरुवात. आठ वर्षांनी, १८७२ मध्ये, यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान झालं आणि पुढे ही कल्पना जगभर गेली. पण योसेमिटीच्या दरीत त्याआधी माणसं राहत होती. अवानीची नावाच्या तिथल्या लोकांना १८५१ मध्ये शस्त्रांच्या बळावर हुसकावलं होतं. जागा ‘सगळ्यांची’ झाली खरी, पण ज्यांची होती त्यांची राहिली नाही. मुलांच्या पुस्तकांतून ही बाजू बहुतेकदा गाळली जाते. इथे ती ठेवली आहे, कारण तुंगारेश्वराकडे आलो की तोच प्रश्न पुन्हा समोर येतो.

आपल्याकडे ‘स्टेट पार्क’ असा कायद्यातला प्रकार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रामुख्याने दोन प्रकार आहेत, राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य. बहुतेक ठिकाणी दोन्ही जाहीर करतं ते राज्य सरकारच. महाराष्ट्राचं पहिलं राष्ट्रीय उद्यान ताडोबा, १९५५ सालचं. राष्ट्रीय उद्यानात नियम फार कडक असतात, तिथे गुरंसुद्धा चारता येत नाहीत. अभयारण्यात जवळच्या गावांचे काही हक्क चालू राहू शकतात. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पहिल्या प्रकारात येतं आणि खाडीच्या अलीकडचं आपलं तुंगारेश्वर दुसऱ्या. तुंगारेश्वर अभयारण्य जाहीर झालं २००३ मध्ये, क्षेत्र सुमारे ८५ चौरस किलोमीटर. म्हणजे ते अजून तुमच्या मोठ्या ताईच्या वयाचं आहे. जंगल अर्थातच फार जुनं.

तुंगारेश्वराला बहुतेक लोक देवळासाठी जातात. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला महामार्गावरच्या फाट्यापासून माणसांची रांग लागते. वाट ओढ्यांमधून जाते, पावसाळ्यात चप्पल हातात घ्यावी लागते. ही गर्दी पाहून वाटतं, इथे कुठलं आलंय जंगल? पण गर्दी एका वाटेवर असते. वाट सोडून दोन्ही बाजूंना साग, ऐन, खैर, कळंब, मोह, बांबू पसरलेले आहेत आणि त्यांच्या आत भेकर आहे, रानडुक्कर आहे, वानरं आहेत, बिबट्या आहे. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, कुणाचा तरी कुत्रा चुकून इकडे आला. पाऊस सुरू झाला की पहाटे ओढ्याकाठी शीळ ऐकू येते, एखादा मुलगा उगाच, सूर न सांभाळता शीळ घालत हिंडावा तशी. तो शीळकरी कस्तूर. काळानिळा पक्षी आहे, सहसा दगडावर बसलेला असतो, दिसतो कमी आणि ऐकू येतो जास्त.

जंगल बघायचं तर पावसाळ्यातच, असा शहरातल्या लोकांचा समज आहे. मला फेब्रुवारी-मार्चचं तुंगारेश्वर जास्त आवडतं. पानं गळालेली असतात, डोंगराची हाडं दिसतात, आणि त्या करड्या रानात पळस आणि काटेसावर लाल फुलं घेऊन उभे असतात. फुलांतला मध प्यायला पक्ष्यांची झुंबड उडते आणि आड यायला पानं नसल्यामुळे ते नीट दिसतात. मुलांना पक्षी दाखवायचे असतील तर हाच हंगाम. जूनमध्ये त्याच रानातून शेवळं येतात. वसईच्या बाजारात आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसलेल्या तुम्ही पाहिल्या असतील, शेजारी काकडाची हिरवी फळं. शेवळं तशीच शिजवली तर घसा खाजतो, म्हणून काकड घालतात. भाजी घरी आणा, शिजवताना बघा आणि आणणाऱ्या बाईला विचारा की ती कुठे उगवते. जंगलाबद्दल असे प्रश्न पुस्तकाआधी तिला विचारावेत.

वारली, कातकरी, मल्हार कोळी ही माणसं या डोंगरांच्या कुशीत अभयारण्याची पाटी लागण्याच्या किती तरी आधीपासून राहतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने देशभरातल्या अशा लोकांचे जंगलावरचे हक्क कागदावर मान्य केले. कागद आणि पाडा यांच्यात अजून अंतर आहे, आणि ते का आहे हे मुलांना सांगायला हरकत नाही. सहलीला गेल्यावर पाड्यातून जाताना कुणाच्या अंगणात शिरून फोटो काढू नका, इतकं तरी नक्की सांगायला हवं. तुमच्या सोसायटीत कुणी असं केलं तर पहारेकरी शिट्टी वाजवेल.

आता बिबट्याबद्दल. तुंगारेश्वर एकटं नाही. दक्षिणेला खाडी ओलांडली की बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, आणि त्या उद्यानाचा नागला नावाचा एक तुकडा तर खाडीच्या या बाजूलाच आहे. पूर्वेला तानसा अभयारण्य, ज्याच्या तलावाचं पाणी मुंबई १८९२ पासून पिते आहे. नकाशावर ही तीन वेगळी नावं आहेत. जनावरांना नकाशा माहीत नाही. २००९ मध्ये नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरजवळ एक बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढून संशोधक विद्या अत्रेय यांच्या चमूने त्याच्या गळ्यात ठावठिकाणा कळवणारा पट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडलं. वयस्क आणि शांत म्हणून त्याचं नाव पडलं ‘आजोबा’. आजोबा चालत निघाला. रेल्वेमार्ग, महामार्ग, वसईकडची कारखान्यांची वस्ती असं सगळं मागे टाकत, खाडी पोहून तो बोरिवलीच्या उद्यानात पोचला. सुमारे सव्वाशे किलोमीटर, महिन्याभराच्या आत, आणि वाटेत कुणालाही त्रास न देता. आजूबाजूला हजारो माणसं होती, त्यांना पत्ताही लागला नाही. २०१४ मध्ये त्याच्यावर मराठी सिनेमा निघाला, तो तुम्ही कदाचित पाहिला असेल. आजोबा स्वतः २०११ च्या अखेरीस महामार्गावर वाहनाच्या धडकेने गेला.

आपणही महामार्गानेच तुंगारेश्वराला जातो. खिडकीतून बघा, गाड्यांची रांग कधी तुटते का. रात्रीही तुटत नाही. दोन जंगलांमध्ये जनावरांना जाण्यायेण्याची वाट उरली नाही, तर प्रत्येक जंगल एकेक बेट होतं आणि बेटावरची जनावरं हळूहळू कमी होत जातात. म्हणून रस्त्याखालचे बोगदे, पुलाखालची मोकळी जमीन, खाडीकाठचा झाडीचा पट्टा, या दिसायला क्षुल्लक गोष्टी अभयारण्याइतक्याच महत्त्वाच्या असतात. २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये वसईच्या किल्ल्यात बिबट्या आला होता, ते तुम्हाला आठवत असेल. किल्ल्याच्या दाट झाडीत तो काही आठवडे राहिला, कोळीवाड्यात संध्याकाळी मुलांना घराबाहेर सोडेनात, आणि अखेर तो वनविभागाच्या पिंजऱ्यात आला. तेव्हा मुलांनी विचारलेला सगळ्यात चांगला प्रश्न होता, ‘त्याला परत घरी सोडलं का?’ मोठ्यांचे प्रश्न फारसे सांगण्यासारखे नव्हते. बिबट्या समोर आला तर पळायचं नाही, ओणवं व्हायचं नाही, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरायचं, आणि संध्याकाळनंतर झाडीच्या कडेने एकट्याने जायचं नाही. याचं चित्रासह पान आत आहे, ते पाठ करा.

डोंगरावर पडणारं पाणी कुठे जातं, हे या पुस्तकातलं सगळ्यात लांब प्रकरण आहे, आणि त्याबद्दल तक्रार आली तरी ते कमी होणार नाही. तुंगारेश्वराच्या पायथ्याशी पेल्हार आणि उसगावची धरणं आहेत. वसई-विरारचं बरंचसं पाणी आता सूर्या नदीवरून येतं, पण या दोन धरणांचाही त्यात वाटा आहे. म्हणजे काही घरांच्या नळाला येणारं पाणी याच डोंगरांतून झिरपलेलं असतं. झाडांची मुळं, पालापाचोळा आणि माती पावसाचं पाणी धरून ठेवतात आणि सावकाश सोडतात. झाडं तोडली तर तेच पाणी एका दिवसात धावत खाली येतं आणि दिवाळीपर्यंत ओढे कोरडे पडतात.

धावत येणारं पाणी कसं असतं, हे चिंचोटीच्या धबधब्यावर कळतं. तिथे दर पावसाळ्यात माणसं बुडतात, म्हणून प्रशासन बंदीचे आदेश काढतं, आणि दर पावसाळ्यात लोक बंदी मोडून जातात. २०१८ च्या जुलैत तिथे शंभराहून जास्त लोक अडकले, त्यांना बाहेर काढावं लागलं, आणि एकाचा जीव गेला. मुलांना हे असं समजवावं. तुम्ही उभे आहात तिथे पाऊस नसला, तरी वर डोंगरमाथ्यावर तो पडत असू शकतो. त्या सगळ्या उतारावरचं पाणी एकाच खाचेतून खाली येतं. गुडघ्यापर्यंतचं पाणी बघता बघता छातीपर्यंत चढतं आणि ज्या दगडांवरून तुम्ही आलात ते दगड नाहीसे होतात. पाणी गढूळ झालं, काटक्या-पानं वाहून यायला लागली, आवाज बदलला, की त्या क्षणी बाहेर. पोहता येतं हा तिथे काही उपयोगाचा मुद्दा नाही. बंदी असेल तेव्हा तर जायचंच नाही, मग बाबा म्हणोत की काका म्हणोत.

त्याच जुलैत, दोन-तीन दिवसांनी, नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले आणि लोकल बंद पडल्या. बातमी वेगळ्या पानावर आली, तरी पाऊस तोच होता. डोंगरावरून उतरलेलं आणि आभाळातून पडलेलं पाणी समुद्राला मिळण्याआधी कुठेतरी पसरायला बघतं. पूर्वी त्याला मिठागरं होती, खाजणं होती, तिवरांचे पट्टे होते. तिवर खाऱ्या चिखलात वाढतं, श्वास घेण्यासाठी मुळं चिखलाबाहेर काढतं, आणि त्या मुळांच्या जाळीत कोळंबीची आणि माशांची पिल्लं वाढतात. पांढरी चिप्पी हे तिवरांच्याच रानातलं, म्हणजे कांदळवनातलं, एक झाड, २०२० मध्ये महाराष्ट्राचं राज्य कांदळवन वृक्ष म्हणून जाहीर झालं. तिवरांच्या राखणीसाठी २०१२ पासून वनविभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. भरतीला तिवर लाटेचा जोर मोडतं, पावसात पाणी पसरू देतं. त्यावर भराव टाकून इमारत उभी केली की पाणी मग पार्किंगमध्ये पसरतं. खेळायला म्हणून तिवरांचं रान निरुपयोगी आहे, तिथे पाय रुततात आणि वास येतो. काठावरून दुर्बिणीने बघण्यासाठी मात्र त्याच्यासारखी जागा नाही, विशेषतः हिवाळ्यात, लांबच्या देशांतून पाणपक्षी येतात तेव्हा.

किनाऱ्यांचं सांगायला तुम्हाला कुणी लागत नाही. अर्नाळा, राजोडी, कळंब, सगळीकडे जाऊन आलेले असाल. तिथली सुरूची झाडं बाहेरून आणून लावलेली आहेत, वाळू धरून ठेवायला आणि वारा अडवायला, हे ठाऊक नसेल कदाचित. वाळूत बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत असतील, तर तो कुणाच्या तरी वर्षभराच्या मिळकतीचा भाग आहे, त्याखालून क्रिकेटचा चेंडू काढायला घुसायचं नाही. कोळ्यांच्या मुलांना येणारं एक गणित तुम्हीही शिकून घ्या. तिथीची पाऊणपट करायची. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे साधारण पावणेचारच्या सुमारास भरती पूर्ण होणार. दुपारीही आणि पहाटेही. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास, आणि तेव्हाची भरती सगळ्यात मोठी. पौर्णिमेनंतर प्रतिपदेपासून मोजणी पुन्हा एकपासून. भरतीनंतर सवासहा तासांनी ओहोटी. थोडं इकडेतिकडे होतं, पण आईच्या कालनिर्णयवर बघून सहल ठरवण्यापुरतं हे गणित पक्कं आहे. शंख-शिंपले, खेकडे, चिखलातली बिळं बघायची तर ओहोटीला जा. भरती चढत असताना खडकांवर बसून राहू नका.

किल्ल्याचं प्रकरण मुद्दाम लहान ठेवलं आहे. १५३४ चा गुजरातच्या बहादूरशहाचा तह, १७३९ ची चिमाजी आप्पांची मोहीम हे सगळं शाळेत होतं. इथे फक्त तटावर उगवणारे वड-पिंपळ, पडक्या चर्चमधली वटवाघळं आणि झाडीतली फुलपाखरं आहेत. आणि भिंतीवर बदाम काढून नाव कोरणाऱ्यांसाठी १९५८ चा एक कायदा आहे, त्यात दंडही आहे आणि कैदही. महापालिकेच्या बागा, जीवदानीच्या तेराशेच्या वर पायऱ्या, सोपाऱ्याचा स्तूप यांना एकेक पान दिलं आहे. तो स्तूप १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी उकरून काढला.

रिसॉर्ट आणि वॉटर पार्क यांना एकही पान नाही. त्यात काही वाईट आहे असं नाही, निळ्या तळ्यात डुंबायला मलाही आवडतं. पण तिथे ‘जागा कुणाची’ या प्रश्नाचं उत्तर तिकिटावरच छापलेलं असतं, पुस्तकाची गरज काय?

सगळ्यात आधी वाचायचं प्रकरण बावखलाचं आहे. बावखल म्हणजे वसईच्या वाड्यांतलं गोड्या पाण्याचं लहानसं तळं. समुद्र इतका जवळ असून इथल्या विहिरी गोड राहिल्या, केळीच्या आणि पानवेलींच्या बागा जगल्या, त्यामागे या बावखलांचा मोठा हात आहे. पावसाचं गोडं पाणी त्यांत साठतं, जमिनीत मुरतं आणि खाली खाऱ्या पाण्याला पुढे सरकू देत नाही. पूर्वी त्यांवर रहाट चालत, त्यांत मासे असत, मुलं पोहायला शिकत. एखादं बावखल एका कुटुंबाचं, एखादं सगळ्या आळीचं. त्यांच्यावर ना वनविभागाची पाटी, ना पुरातत्त्वाची, म्हणून ती सगळ्यात सहज बुजवली जातात. ट्रकभर माती आणि एक रात्र पुरते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या हरित वसई संरक्षण समितीने वसईची हिरवाई आणि पाणी वाचवण्यासाठी लढा दिला, तेव्हा त्यात शेतकरी होते, बाया होत्या, कुपारी होते, वाडवळ होते, आगरी-कोळी होते. त्या लढ्यातली माणसं आता आजी-आजोबा झाली आहेत. तुमच्या आळीत कुणी असेल तर त्यांना गाठा, बावखल कुठे होतं ते विचारा, आणि आज तिथे काय आहे ते वहीत लिहा. पुस्तकाच्या शेवटी त्यासाठी चार कोरी पानं ठेवली आहेत, सोबत वसई तालुक्याचा नकाशा आहे, त्यावर बावखलं मुद्दामच दाखवलेली नाहीत.